सुहेरच्या भिंतीवर नसलेली स्क्रीन

सुहेर कर्मीच्या कामाचं नाव तिच्या कार्डावर दोन ओळींत छापलेलं होतं आणि ते वाचून कुणालाच काही कळत नसे. वडिलांनी, मिदहतनी, एकदा सरळच विचारलं, "म्हणजे तू करतेस काय?"

"तिघं जण एकच घर सजवतायत, बाबा. एक दारं लावतो, एक खिडक्या, एक दिवे. घर एकाच माणसाचं वाटावं, एवढं मी बघते."

"म्हणजे सासू," मिदहत म्हणाले.

हे वर्णन तिला पटलं, पण आवडलं नाही.

घर म्हणजे मोबाईलमधलं एक ॲप. अम्मानमध्ये टॅक्सी बोलवायची, औषधं मागवायची, विजेचं-पाण्याचं बिल भरायचं, सगळं त्याच्यातून. टॅक्सीचा भाग इयासकडे, औषधांचा दीमाकडे, बिलांचा सनदकडे. तिघेही डिझायनर, तिघेही तिशीच्या आतबाहेर, आणि प्रत्येकाला मनातून वाटे, की ॲप आपलं आहे आणि बाकीचे दोघे भाडेकरू. सुहेर अठ्ठेचाळीस वर्षांची. कंपनी कुनाफा मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती तेव्हा ती तिथली एकुलती एक डिझायनर होती. आता कंपनीने दोन मजले घेतले होते, आणि सुहेरचं काम या तिघांना एका रेघेत ठेवणं.

त्यासाठी तिने एक भिंत केली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात, जिन्यापासून पाण्याच्या मशीनपर्यंत. ॲपची प्रत्येक स्क्रीन कागदावर छापायची आणि तिथे चिकटवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, तिघांनी लॅपटॉप न घेता भिंतीपुढे यायचं. सुहेरच्या हातात वडिलांच्या दुकानातली लोखंडी कात्री असे, पाट्यांचे साचे कापायची. रेघेबाहेरचं जे दिसेल ते ती तिथल्या तिथे कापून खाली टाकी. कुणाचं आहे, किती दिवस खपून केलंय, हे विचारायचं नाही, हा तिचा नियम. नवी पोरं तिला घाबरत. जुनीही घाबरत, पण ती हसून.

दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीवर 'हो' म्हणायची बटणं चौदा प्रकारची होती. गोल, चौकोनी, हिरवी, जास्त हिरवी. सनदचं एक बटण असं होतं, की त्याच्या आईनेही ते दाबलं नसतं. चौदाची तीन झाली, तिनाचं एक झालं. पण ते एक ठेवायचं कुठे, यावर तिघे अडून बसले. इयास आणि सनद म्हणत, डावीकडे. दीमा म्हणे, उजवीकडे.

"आपण उजवीकडून डावीकडे वाचतो," इयास म्हणाला. "डोळा चाललाय डावीकडे. मग पुढे जायचं बटण डावीकडेच हवं ना? का तू घरात शिरायला मागच्या भिंतीला दार काढतेस?"

"माझी गिऱ्हाईकं म्हातारी आहेत," दीमा म्हणाली. "ती वाचत नाहीत. ती दाबतात."

"मग त्यांना वाचायला शिकव."

"तू आधी टॅक्सीवाल्यांना पत्ता वाचायला शिकव!"

तिसऱ्या आठवड्यातही हेच चाललं, तेव्हा सुहेरने अबू नव्वाफला बोलावलं. अबू नव्वाफ पूर्वी सैन्यात सार्जंट होता, आता ऑफिसचं स्वयंपाकघर सांभाळायचा. मिश्या अजून सैन्यातल्याच होत्या. त्या देशात मुलगी मागायला किंवा भांडण मिटवायला चार वडीलधारी माणसं एखाद्याच्या घरी जातात, त्याला जाहा म्हणतात. घरधनी कॉफी देतो. पाहुणे पेला घेतात आणि समोर ठेवून देतात. आलो आहोत ते मिळेपर्यंत ओठाला लावत नाहीत. प्यालेली कॉफी म्हणजे दिलेला शब्द. तो मोडणाऱ्याच्या घरी पुढे कुणी पाऊल ठेवत नाही.

अबू नव्वाफने वेलदोड्याची कडक कॉफी चार पेल्यांत ओतली आणि खोलीचं दार लावून घेतलं. "ठरलं, की प्यायची," सुहेर म्हणाली. "नाही ठरलं, तर इथेच बसून तिचा वास घ्या." चाळीस मिनिटांनी दीमाने पेला उचलला. पुढे जायचं बटण डावीकडे, रद्द करायचं उजवीकडे, औषधांच्या सगळ्या स्क्रीन ती बदलणार. कडू तोंड करून ती प्याली. कॉफी थंडही झाली होती.

त्यानंतर भिंत बघायला सुहेरला बरं वाटे. येणाऱ्या पाहुण्यांना ती मुद्दाम तिकडून नेई.

महिन्याभराने दीमा आकडे घेऊन आली. औषधांच्या ऑर्डरी लोक स्वतःच रद्द करू लागले होते, आणि त्यात बहुतेक साठीच्या पुढचे. सुहेर म्हणाली, "सवय व्हायला वेळ लागतो." पुढच्या महिन्यात दीमा पुन्हा आली. सुहेर म्हणाली, "तुझ्या स्क्रीनमध्ये काहीतरी चुकत असेल. बाकी दोघांकडे असं होत नाही." ते खरं होतं. टॅक्सी आली नाही, तर माणूस पाच मिनिटांत पुन्हा बोलावतो. औषध आलं नाही, हे तीन दिवसांनी कळतं.

सुहेरला ते एका मंगळवारी कळलं. मिदहत जबल लुवेब्दाह टेकडीच्या पायऱ्यांवर मधेच खाली बसले होते. फलाफलवाल्याने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि मरमियाच्या पाल्याचा चहा त्यांच्या तोंडाशी धरला होता. रक्तदाबाच्या गोळ्या सहा दिवसांपासून घरात नव्हत्या. "मी मागवल्यात," ते म्हणत राहिले. "तीनदा मागवल्यात. त्यांचाच माणूस येत नाही." सुहेरने मोबाईल घेऊन बघितलं. तीनही वेळा खाली एकच वाक्य होतं. आपण ऑर्डर रद्द केली आहे.

मिदहत कर्मी पाट्या रंगवत. लोक त्यांना नावाने हाक मारत नसत, खत्तात, म्हणजे सुलेखनकार, म्हणत. एके काळी जबल हुसेनवरच्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हाताची होती. मग प्लास्टिकच्या उजेडाच्या पाट्या आल्या, आणि मागोमाग हाताला कंप आला. आता शहरात त्यांचं अक्षर कुठेही उरलं नव्हतं, एक जागा सोडून. अकरा वर्षांपूर्वी सुहेरने ॲपची पहिली स्क्रीन केली, तेव्हा तिला 'अहलन', म्हणजे या, बसा, एवढा एक शब्द हवा होता. मिदहतनी बोरूने आठ वेळा लिहिला. आठवा घेतला. शेवटच्या अक्षराखालून त्यांनी एक लांब फराटा ओढला होता, थेट डाव्या कोपऱ्यापर्यंत. कंप यायच्या आधीचा तो शेवटचाच म्हणायचा. ॲप उघडलं, की आधी तो दिसे आणि त्याच्याखाली दोन बटणं.

"रोज सकाळी चार लाख माणसं माझं अक्षर वाचतात," मिदहत फलाफलवाल्याला सांगत. सुहेरने मात्र ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. सुरुवातीला बापाचं काम घुसवलं असं वाटू नये म्हणून, आणि नंतर ज्यांना सांगावं अशी माणसंच तिथे उरली नाहीत म्हणून.

मिदहत औषध मागवायला बसत तेव्हा आधी मोबाईल नाकाजवळ नेऊन 'अहलन' बघत. पोटभर बघून झालं, की अंगठा पुढे करत.

रविवारी सुहेर भिंतीपुढे गेली ती वाट बघतच होती अशी. तिने दीमाच्या औषधांच्या सहा स्क्रीन कापल्या. कागद खाली पडत होते आणि ती बोलत होती.

"एक बटण सांगितलं होतं, एक! डावीकडे ठेव म्हटलं, तर ठेवलंस. पण माणसाला ते दिसतंय का, हे कोण बघणार? मी? तुझ्या या बटणापायी एक माणूस परवा पायऱ्यांवर पडला. तो मेला असता, तर तू त्याच्या दारात कोणता कागद घेऊन गेली असतीस?"

बोळात दहा-बारा जण उभे होते.  दीमाने खाली वाकून सहाही तुकडे गोळा केले, नीट एकावर एक ठेवले आणि निघून गेली. सुहेरला तेव्हाच आपलं चुकलंय असं वाटलं. पण चूक दीमाशी बोलण्याच्या तऱ्हेत झाली, एवढंच तिला वाटलं. बटणाबद्दल तिला काडीची शंका नव्हती.

पुढचं सगळं सुहेरला नंतर कळलं. दीमा नऊ दिवस दुपारची ऑफिसात नसे. जबल हुसेनच्या पोस्टामागे पेन्शनरांचा एक क्लब आहे. तिथे म्हातारे सोंगट्या खेळतात आणि सरकारला शिव्या देतात. दीमा तिथे जाऊन बसली. हातात मोबाईल दिला, की प्रत्येकाला म्हणायची, "अम्मो, मला गोळ्या मागवून दाखवा ना." आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता अंगठ्याकडे बघायची. एकेचाळीस अंगठे तिने बघितले. पहिल्या स्क्रीनवर, 'अहलन'च्या खाली, पुढे जायचं बटण उजवीकडे होतं. डावीकडे फराट्याने जागा अडवली होती ना. अंगठा तिथून सुरुवात करी आणि मग तिथेच राही. उजवीकडे, आणि पुन्हा उजवीकडे. आणि औषधांच्या स्क्रीनवर उजवीकडे 'रद्द'.

ॲपमधली एकच स्क्रीन रेघेबाहेर होती, आणि ती सुहेरच्या भिंतीवर कधी लागलीच नव्हती. घरात शिरताना उंबरठा कोण मोजतो! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला तिने अख्खी भिंत बांधली होती.

"तिला सांगणार कोण?" इयासने स्वयंपाकघरात विचारलं.

"तू सांग. तुझी बोटं लांब आहेत, एखादं कापलं तरी चालेल," सनद म्हणाला.

"ही कंपनी चार माणसांची होती तेव्हाची स्क्रीन आहे ती. तिला हात लावायचा म्हणजे..."

"मी सांगणार नाही," दीमा म्हणाली. "मी सांगितलं, तर तिला वाटेल सूड घेतेय. आणि थोडासा घेतेयही."

अबू नव्वाफ पाठमोरा उभा राहून कॉफी ढवळत होता. "ऑफिसात सांगाल, तर भांडण," तो म्हणाला. "घरी जाऊन मागाल, तर मान. तुम्हाला माझ्या कॉफीपुढे उपाशी बसवलं ना तिने? मग तिच्याच घरी, तिच्याच कॉफीपुढे जाऊन बसू. बोलायचं मी. तुम्ही तिघांनी तोंडं बंद ठेवायची, हे सगळ्यात अवघड."

त्याने मिदहतना फोन केला. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर आम्ही चौघं येतो, एक शब्द टाकायचाय. मिदहतनी 'घर तुमचंच आहे' म्हटलं आणि मुलीला एवढंच सांगितलं, की ऑफिसची माणसं येतायत. सुहेरला वाटलं, आजारपणाची विचारपूस. वडिलांनी सकाळीच दाढी केली, टाय बांधला, खजूर भरलेली मअमूल बिस्किटं आणवली. टाय बघून तिला नवल वाटलं. पण आजारातून उठलेलं माणूस, तिने काही विचारलं नाही.

ते आले तेव्हा अबू नव्वाफच्या अंगावर जाहाला घालायचा काळा झगा होता, सनदने धाकट्या भावाचा कोट घातला होता आणि तो बाह्यांत आखूड होता. दीमाच्या मांडीवर कागदांची जाड फाईल होती. सुहेर आत जाऊन कॉफी करून घेऊन आली. चौघांनी पेले घेतले. चौघांनी ते टेबलावर ठेवून दिले.

सुहेरचा हात तबकावरच राहिला. हे काय चाललंय, हे तिला एका क्षणात कळलं. कशासाठी, ते कळेना.

अबू नव्वाफ खाकरला. "घरधनी, आम्ही तुमच्या दारी आलोय, आणि तुमचं दार कधी कुणाला रिकामं..."

"कॉफी प्या," मिदहत म्हणाले. ते ताठ बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "निवते आहे. जे मागायला आलात, ते दिलं."

"पण अम्मो, अजून आम्ही..." इयास म्हणाला. अबू नव्वाफने त्याच्या पायावर पाय दिला.

"दिलं म्हटलं ना? माझ्या घरात मागणं पुरतं ऐकून मग द्यायची रीत नाही. प्या."

चौघं प्याले. पेले खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग सुहेर म्हणाली, "दीमा, काय मागायला आलात तुम्ही?"

दीमाने फाईल उघडली. एकेचाळीस कागद, प्रत्येकावर एक अंगठा पेन्सिलीने काढलेला आणि त्याच्या वाटेवर बाण. सगळ्यांत वर पहिली स्क्रीन छापलेली. "सित्त सुहेर, एवढं एक बटण डावीकडे हवंय," ती म्हणाली.  "जागा नाहीये. म्हणून मधलं हे अक्षर काढावं लागेल. मी लहान करून बघितलं, वर नेऊन बघितलं. लहान केलं, की ते नुसता डाग वाटतं. ते कुणी लिहिलंय ते आम्हाला माहीत नाही. खूप सुंदर आहे. पण त्याच्यापायी माणसं चुकीकडे वळतात."

सुहेरने पहिला कागद पाहिला, मग दुसरा, तिसरा. सोळाव्या कागदाला ती थांबली. पुढच्या पंचविसांत वेगळं काही नसणार, हे तिला कळलं होतं. पायऱ्यांवर बसलेला माणूस तिच्याच बटणापायी बसला होता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली, कारण वडील तो कागद बघत होते. मान पुढे काढून, अगदी जवळून, मोबाईल बघत तसाच.

"हे अक्षर..." सुहेर म्हणाली.

मिदहतनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात थरथरत होता, तो नेहमीच थरथरे. "कॉफी पिऊन झाली आहे," ते म्हणाले. "कात्री आण."

तिने कात्री आणली. दीमाने पुढे केलेल्या कागदावरचं 'अहलन' कापून काढलं, फराट्यासकट. फराटा लांब होता, त्याला वेळ लागला. मग ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दीमा, त्या दिवशी चूक माझी होती. बटणाचीसुद्धा. पुढच्या वेळी भिंतीपुढे, सगळ्यांसमोर पुन्हा म्हणेन." दीमा रडायला लागली आणि सनदने तिला मअमूलची ताटली दिली, कारण दुसरं काय द्यावं ते त्याला सुचेना.

माणसं गेल्यावर मिदहतनी टाय सोडला.

"बाबा, तुम्हाला काय वाटलं होतं, काय मागायला आलेत?"

"मला वाटलं, तुला."

सुहेरला आधी हसू आलं. "कुणासाठी, ते तरी विचारायचं! इयास माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. अबू नव्वाफला तीन सुना आहेत."

"विचारणार होतो," मिदहत म्हणाले. "पण म्हटलं, विचारेपर्यंत उठून गेले तर? अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आले होते." टायची घडी करता करता ते थांबले. "म्हणजे देऊन मोकळा झालो होतो मी. एवढं मोठं द्यायला निघालो, आणि त्यांनी नेलं काय, तर एक शब्द. स्वस्तात सुटलो."

ते आत जाऊन निजले. कापलेला तुकडा टेबलावर नव्हता. तो त्यांनी नेला, की दीमाच्या फाईलीबरोबर गेला, हे सुहेरने कधी विचारलं नाही.

नवी पहिली स्क्रीन पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या मोबाईलवर गेली. पांढरी, त्यावर दोन बटणं, पुढे जायचं डावीकडे. सुहेरने ती भिंतीवर जिन्याजवळ, सगळ्यांत आधी लावली आणि जे म्हणायचं ते म्हणाली. ते म्हणताना ऐकायला बोळात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती.

"पण ते अक्षर लिहिलं कुणी होतं?" दीमाने नंतर तिला विचारलं.

"एक पेंटर होता."

"होता?"

"आहे. त्या शुक्रवारी तू त्याच्या घरी कॉफी प्यालीस."

दीमाने तोंडावर हात ठेवला.

महिन्याअखेरी तिचा अहवाल आला. औषधांच्या रद्द होणाऱ्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या होत्या. मिदहतच्या गोळ्याही वेळेवर येत होत्या. ते मोबाईल आता मांडीवरच ठेवत, डावीकडे दोनदा दाबत आणि चहा मागत. नाकाजवळ नेऊन बघत नसत. अहवालातल्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की पहिल्या स्क्रीनवर लोक आता अजिबात थांबत नाहीत, आणि हे यश आहे. सुहेरने ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.